पेटीतला समुद्र आणि जिवंत दगड

समुद्र घरी आणावा, ही माणसाची हौस फार जुनी आहे. दोन हजार वर्षांपूर्वी रोमचे धनिक लोक नेपल्सच्या किनाऱ्यावर दगडी हौद बांधून त्यांत समुद्रातले मासे पाळीत असत. परंतु त्यांचे हौद समुद्राला लागूनच असत आणि मुद्दाम खोदलेल्या चरांतून समुद्राचे पाणी आत-बाहेर करी. मासे धनिकांचे, त्यांची उस्तवार मात्र समुद्राकडे! खरी अडचण येते ती समुद्र सोडून दूर गेल्यावर. किनाऱ्यापासून पन्नास कोसांवर, दिवाणखान्यात, काचेच्या पेटीत चार घागरी खारे पाणी भरावे, त्यात रंगीबेरंगी मासे सोडावेत, आणि आठवडा व्हायच्या आत पाण्याला वास यावा, मासे वर येऊन धापा टाकू लागावेत, हा अनुभव कितीतरी हौशी माणसांनी घेतला आहे. पाणी समुद्राचे, मासेही समुद्राचेच. मग समुद्रात असे काय आहे, जे पेटीत नाही?

या प्रश्नाचे पुरते उत्तर मिळायला शंभराहून अधिक वर्षे लागली. आणि गंमत अशी की, ते उत्तर अगदी सुरुवातीपासून पेटीच्या तळाशी पडलेले होते. ते उत्तर म्हणजे एक दगड. त्या दगडाची हकीकत आज सांगायची आहे.

ही हकीकत सुरू होते इंग्लंडमध्ये, १८४६ साली. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतील एका धर्माधिकाऱ्याची पत्नी ॲना थिन ही त्या वर्षी टॉर्की या समुद्रकाठच्या गावी गेली होती. तिथे तिला खडकाला चिकटलेली लहान पोवळी दिसली आणि तिने ती बरोबर लंडनला आणली. प्रथम ती किनाऱ्यावरून ताजे पाणी मागवून बदलत असे. पाणी वेळेवर मिळेना, तेव्हा तिने युक्ती काढली. उघड्या खिडकीसमोर उभे राहून तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात रोज अर्धा-पाऊण तास ओतायचे, म्हणजे त्यात हवा मिसळेल. हे काम अर्थात बाईसाहेब स्वतः करीत नव्हत्या. घरातल्या लहान मोलकरणीकडे ते होते, आणि तिला त्याची मौज वाटे, असे बाईंनी लिहून ठेवले आहे. पुढच्या वर्षी त्यांनी आणखी एक गोष्ट केली. समुद्रावरून शिंपले आणि खडकाचे लहान तुकडे मागवले, ज्यांवर ताजे शेवाळ वाढलेले होते, आणि ते पोवळ्यांच्या भांड्यात ठेवले. पोवळी जवळजवळ तीन वर्षे जगली.

बाईंना हवे होते ते शेवाळ. दगड आला तो शेवाळाबरोबर, कारण समुद्रातले शेवाळ मातीत मूळ धरीत नाही, ते खडकाला चिकटलेले असते. पाहुण्याबरोबर आलेल्या गड्याची कोणी विचारपूस करीत नाही, तसेच त्या दगडाचे झाले.

बाईंचा हा उद्योग घरगुती होता. त्याला शास्त्राची बैठक दिली ती रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने. लंडनच्या औषधविक्रेत्यांच्या संस्थेत तो काम करीत असे. त्याने १८४९ साली एका पेटीत गोडे पाणी, दोन लहान सोनमासे आणि एक पाणवनस्पती एकत्र ठेवली. वनस्पती प्राणवायू सोडते, मासे तो घेतात, मासे जो वायू सोडतात तो वनस्पती घेते, हिशेब चोख. पण वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली आणि पाणी खराब होऊ लागले. तेव्हा त्याने पाणगोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजलेली पाने खाऊन टाकली आणि पेटी पुन्हा स्वच्छ झाली. १८५० साली त्याने हा प्रयोग लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडला. प्राणी आणि वनस्पती यांचा तोल साधला की पाणी बदलावे लागत नाही, हा त्याचा सिद्धांत. थोड्याच काळात त्याने तो खाऱ्या पाण्यालाही लावला.

मग इंग्लंडमध्ये जणू लाट उसळली. १८५३ च्या मे महिन्यात लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यगृह उघडले. त्यासाठी समुद्रातले जीव पुरवणाऱ्यांपैकी फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञाने १८५४ साली ‘द अक्वेरियम’ हे पुस्तक लिहिले. कृत्रिम समुद्रपाणी कसे करावे याची कृतीही त्याने त्याच सुमारास प्रसिद्ध केली. साधे मीठ, एप्सम सॉल्ट आणि आणखी दोन क्षार मोजून पाण्यात घालायचे. शेवाळ आणायचे तर हातोडी-छिन्नी घेऊन, खाली चिकटलेल्या खडकाच्या तुकड्यासकट ते काढायचे, हे गॉसने लोकांना शिकवले. लोक शिकले, आणि जरा जास्तच शिकले! टोपल्या, बरण्या, छिन्न्या घेऊन सुटीच्या दिवशी माणसांची रीघ किनाऱ्यावर लागली. गॉसचा मुलगा एडमंड याने १९०७ साली आपल्या वडिलांविषयी पुस्तक लिहिले. त्यात तो सांगतो की, त्याच्या लहानपणी जी किनाऱ्यावरची खडकातली डबकी जीवसृष्टीने भरलेली होती, ती या संग्राहकांनी ओरबाडून उजाड केली आणि वडिलांना त्याचा फार खेद झाला. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिच्याकडे परत यायचे आहे.

एवढे करूनही बहुतेकांच्या पेट्या फसत होत्या. शेवाळ होते, हवा होती, तरी पाणी बिघडत होते. विल्यम आल्फर्ड लॉइड या माणसाने यावर मोठ्या प्रमाणात तोड काढली. १८७१ साली लंडनजवळ क्रिस्टल पॅलेसचे मत्स्यालय उभे राहिले. तिथे त्याने दिखाऊ पेट्यांच्या खाली, अंधारात, पेट्यांपेक्षा कितीतरी मोठा पाण्याचा साठा ठेवला आणि वाफेच्या यंत्राने ते पाणी अहोरात्र खालून वर, वरून खाली फिरवले. पाणी वर्षानुवर्षे टिकू लागले. पण का टिकते, हे त्यालाही नेमके सांगता येत नव्हते.

आता क्षणभर माशांची पेटी बाजूला ठेवून गटाराकडे वळू. शंका नको, वाट तिकडूनच जाते. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले अन्न आणि मेलेले जीव कुजले, तरी अमोनियाच होतो. समुद्राच्या पाण्यात अमोनिया थोडाही साचला, तर माशाला ते विषच. पेटीतले मासे मरत होते ते बऱ्याचदा या विषाने. जमिनीवर मात्र मलमूत्रातल्या अमोनियाचे पुढे काहीतरी वेगळेच होते, हे लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. आपल्याकडे बिहारमध्ये जुन्या गावठाणाच्या मातीतून सोरा काढीत, तो याच मलमूत्राचा शेवटचा अवतार. पण अमोनियाचा सोरा कोण करतो? हवा करते, असे बरेच जण समजत.

१८७७ साली श्लोजिंग आणि म्यूंत्स या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. एका लांब काचेच्या नळीत त्यांनी वाळू आणि चुनखडीची भुकटी भरली आणि वरून गटाराचे पाणी अगदी सावकाश ठिबकत ठेवले. पहिले वीस दिवस काहीच झाले नाही. खालून अमोनिया जसाच्या तसा येत राहिला. मग एकाएकी अमोनिया कमी होऊ लागला आणि खाली नायट्रेट, म्हणजे सोऱ्याचा अंश, दिसू लागला. पुढे त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, आणि काम ठप्प झाले. मातीचे धुवण वरून ओतल्यावर ते काही दिवसांनी पुन्हा सुरू झाले. ज्याला गुंगी देता येते आणि ज्याचे बी पुन्हा पेरता येते, ते सजीवच असणार. हे काम हवेचे नव्हते. वाळूच्या कणाकणावर वस्ती केलेल्या सूक्ष्मजंतूंचे होते.

या शोधाला पुढे ज्यांनी बळकटी दिली, त्यांत इंग्लंडच्या रॉथमस्टेड शेतकी केंद्रातला एक रसायनशास्त्रज्ञ होता. हे काम दोन टप्प्यांत होते, हे त्याने दाखवले. एका जातीचे जंतू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचे नायट्रेट. त्याचे नाव रॉबर्ट वॉरिंग्टन. होय, त्या पहिल्या वॉरिंग्टनचाच हा मुलगा! वडिलांनी पेटीचा तोल साधायचा प्रयत्न केला, आणि तो तोल राखणारे खरे कामगार मुलाने शेताच्या मातीत ओळखले. वडील १८६७ सालीच वारले होते. शेताची विद्या शेतात राहिली आणि पेटीची हौस पेटीत. त्या जंतूंना इतरांपासून वेगळे काढून वाढवण्याचे कठीण काम १८९० च्या सुमारास विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने झुरिक येथे केले.

इतके कळूनसुद्धा पुढची साठ-सत्तर वर्षे पेटीतला दगड शोभेचाच राहिला. पोवळ्याचा सुंदर सांगाडा आणायचा, तो रसायनात बुडवून पांढराशुभ्र करायचा आणि माशांच्या मागे मांडायचा, अशी पद्धत होती. स्वच्छतेच्या नावाखाली कामगारांनाच मारून टाकायचे आणि रिकामा वाडा पेटीत ठेवायचा, असा तो प्रकार. मोठी सार्वजनिक मत्स्यालये समुद्राच्या काठी असली, तर त्यांचे निभावून जाई. ताजे पाणी हाताशी असे. आपल्या मुंबईतले तारापोरवाला मत्स्यालयही १९५१ साली उघडले ते मरीन ड्राइव्हवर, समुद्रासमोर. पण घरी खाऱ्या पाण्याची पेटी ठेवणे ही फार थोड्यांना साधणारी गोष्ट राहिली.

ही कोंडी फोडली ती जाकार्ताच्या ली चिन एंग या गृहस्थाने. त्याच्या शहराच्या जवळच पोवळ्यांचे समुद्र होते. १९६१ साली त्याने अमेरिकेतल्या एका मत्स्यछंदी मासिकात आपली रीत सांगितली. गाळणयंत्र नको, रसायने नकोत. समुद्रातून जिवंत दगड आणा, पेटीत रचा, हवेचे थोडे बुडबुडे सोडा, सूर्याचा उजेड येऊ द्या. बाकी निसर्ग पाहून घेईल. पुष्कळांना हे भोळेपणाचे वाटले. परंतु युरोपातल्या, विशेषतः बर्लिनच्या हौशी मंडळींनी पुढे याच वाटेने जाऊन जिवंत दगडाला फेसाच्या यंत्राची जोड दिली. हे यंत्र बारीक बुडबुड्यांच्या फेसाबरोबर पाण्यातली घाण वर काढते. त्यानंतर घरच्या पेटीत मासेच नव्हे, पोवळीसुद्धा वाढू लागली.

तुम्ही म्हणाल, दगड जिवंत कसा? दगड स्वतः जिवंत नसतोच. तो असतो मेलेल्या पोवळ्यांचा चुनखडीचा सांगाडा, जाळीदार आणि हलका. पण त्याच्या पाठीवर जांभळट-गुलाबी शेवाळाचा लेप असतो, भोकांत किडे, गोगलगायी, स्पंज दडलेले असतात, आणि प्रत्येक छिद्राच्या भिंतीवर त्या फ्रेंच नळीतले कामगार बसलेले असतात. वरच्या थरात, जिथे प्राणवायू पोचतो, तिथे अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्रेट होते. खोल आत प्राणवायू पोचत नाही. तिथे दुसऱ्याच जातीचे जंतू नायट्रेट फोडून त्याचा नायट्रोजन वायू करतात, आणि तो हवेत निघून जातो. म्हणजे धुणारा, भांडी घासणारा आणि केर बाहेर टाकणारा, सगळे एकाच दगडात!

पण हा दगड समुद्रातून काढून थेट पेटीत ठेवला, तर सत्यानाश ठरलेला. ओल्या कागदात गुंडाळून, खोक्यात भरून, विमानाने तो येतो तेव्हा त्यावरचे कितीतरी जीव मेलेले किंवा मरणाच्या वाटेवर असतात. स्पंज तर हवा लागली की लवकर मरतो. हे सगळे कुजू लागते, त्याचा अमोनिया होतो, आणि पेटीतले मासे दगडामुळेच मरतात. म्हणून दगड आधी मुरवावा लागतो. लोणचे मुरते तसा दगड मुरायचा.

एक मोठा टप किंवा पिंप घ्यायचे. त्यात लिटरला सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार, म्हणजे समुद्राइतका खारटपणा, आणि पंचवीस-सव्वीस अंश ऊब ठेवायची. दगड खाऱ्याच पाण्यात खंगाळून घ्यायचे, गोड्या पाण्यात नव्हे. मेलेला स्पंज, पांढरी पडलेली बुरशी, काळा चिखल ब्रशने आणि चिमट्याने काढून टाकायचा. मग दगड टपात ठेवून पाणी पंपाने सतत फिरवायचे आणि वर उजेड फारसा पडू द्यायचा नाही, नाही तर कुजण्यातून सुटलेल्या खतावर हिरवे शेवाळ माजते. लॉइडच्या तळघरातला तो अंधार आणि फिरते पाणी इथे पुन्हा भेटते. तळाशी बसलेला गाळ नळीने ओढून काढायचा आणि अधूनमधून पाणी बदलायचे. पाणी वारंवार बदलले, तर विष कमी साचते आणि दगडावरचे नाजूक जीव जास्त वाचतात. बदलले नाही, तर बरेच काही मरते, जंतू तेवढे उरतात.

या दिवसांत पाणी तपासत राहिले, तर वॉरिंग्टनपुत्राचे दोन टप्पे आपल्या डोळ्यांसमोर घडतात. प्रथम अमोनिया चढतो. मग तो उतरू लागतो आणि नायट्राइट चढते. शेवटी तेही उतरते आणि नायट्रेट तेवढे राहते. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन तिथेच टिकले, आणि पाण्याला सडका वास न येता ओहोटीच्या खडकांसारखा स्वच्छ समुद्री वास येऊ लागला, की दगड मुरला. याला तीन-चार आठवडे लागतात, कधी दोन महिने. त्या फ्रेंच नळीतले वीस दिवस आठवा; घाईने हे काम होत नाही, तेव्हाही झाले नाही. मग एखाद्या सकाळी एखाद्या भोकातून पिसाऱ्यासारखा चिमुकला किडा डोके वर काढतो, आणि दगडात वस्ती नांदते आहे हे कळते.

या पेट्यांनी शास्त्राचे ऋणही थोडे फेडले आहे. २००५ साली अमेरिकन शास्त्रज्ञांनी अमोनियावर जगणारा एक अगदी वेगळ्याच वंशाचा सूक्ष्मजीव वेगळा काढला. तो जंतूंच्या नेहमीच्या कुळातला नव्हता. तसलेच सूक्ष्मजीव महासागरात अफाट संख्येने आहेत, हे पुढे स्पष्ट झाले. हा पहिला नमुना सापडला तो सिएटल शहरातल्या मत्स्यालयाच्या पेटीतल्या खडीवर.

आता गॉसच्या किनाऱ्याकडे परत जाऊ. दगडाची योग्यता कळली, आणि दगडावर संक्रांत आली. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्याच्या समुद्रातून वर्षाला शेकडो टन जिवंत दगड निघू लागला. पोवळ्याला लहानाचे मोठे व्हायला वर्षे लागतात, त्याच्या सांगाड्यांचा खडक बनायला शतके; छिन्नीला मात्र काही मिनिटे पुरतात. मासे ज्या कपारीत लपतात आणि अंडी घालतात, ती कपारच उचलून नेली जात होती. १९८९ साली राज्याने आपल्या हद्दीत ही तोड बंद केली, आणि १९९७ च्या आरंभापासून पलीकडच्या केंद्र सरकारच्या हद्दीतही ती थांबली. मग व्यापार पॅसिफिकमधल्या बेटांकडे वळला. फिजी हे त्यांतले मोठे नाव. तिथल्या किनाऱ्यावरच्या गावांना दगडाचे रोख पैसे मिळत, पण गावाला लाटांपासून वाचवणारा बांधही तोच दगड होता. २०१७ च्या अखेरीस फिजीनेही निर्यात थांबवली. आपल्या देशात २००१ साली दगडी पोवळी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आली, म्हणजे त्यांना वाघाइतके संरक्षण मिळाले. मालवणच्या समुद्रातही पोवळी आहेत. तिथला तुकडा पेटीसाठी उचलणे हा हौसेचा भाग नव्हे, गुन्हा आहे.

मग हौस सोडायची काय? तसे नाही. फ्लोरिडात काही लोकांनी परवाने घेऊन खाणीतली चुनखडी समुद्रतळावर नेऊन टाकली आणि तिच्यावर वस्ती होईपर्यंत वाट पाहिली. समुद्राला दगड देऊन मग तोच दगड परत घेतला. आणि पुष्कळ जण आता कोरडा सच्छिद्र दगड, किंवा सिमेंट आणि वाळूचा घडवलेला दगड वापरतात. त्यात जीव काहीच नसतो. पण चालत्या पेटीतला एक लहानसा तुकडा किंवा मूठभर वाळू त्याच्याजवळ ठेवली, थोडा अमोनिया दिला, की हळूहळू सगळा दगड कामाला लागतो. दुधात चमचाभर विरजण लावण्यासारखेच हे. विरजण असले की दही होतेच. ते होईपर्यंत थांबायचे मात्र आपल्याला.

ॲना थिनबाईंनी पोवळी आणली, वॉरिंग्टनने वनस्पती आणली, गॉसने मीठ मोजले, लॉइडने यंत्र लावले. प्रत्येकाने समुद्रातली एकेक वस्तू घरी आणली, आणि प्रत्येकाच्या हातून नकळत समुद्राचे कामही थोडे घरी आले. आज आपल्याला ठाऊक आहे की, पेटीला समुद्राच्या वस्तूंपेक्षा समुद्राच्या कामाची गरज अधिक असते. वस्तू तोडून आणता येते. काम तोडून आणता येत नाही. ते बियाण्यासारखे लावावे लागते आणि त्याला त्याचा वेळ द्यावा लागतो. ज्याची चार आठवडे रिकाम्या टपाकडे पाहत बसण्याची तयारी आहे, त्याने खुशाल खाऱ्या पाण्याची पेटी मांडावी. त्याच्या हौसेसाठी समुद्रातला एकही दगड हलवावा लागणार नाही.